भुईचाकवताची पैज

भाऊजी, तुमच्या दोन वाफ्यांतली रोपं आता वीतभर झाली आहेत. ताई त्यांना रोज सकाळी पाणी घालते आणि मी कुडाआड उभा राहायचो. कितीतरी दिवस मी जवळ गेलो नाही. एवढ्याशा पाल्याला मी घाबरेन असं मुंबईला कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. तिथं हाच पाला मी चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरतो, आणि आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवणारे साहेब म्हणतात की नारायणाचा हात स्थिर आहे.  

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. तुम्ही कुणाचे कोण, कुठल्या गावचे, तुमच्या घराण्यात माळीकाम किती पिढ्यांचं, हे मी लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. मला आपल्या दोघांमधलं लिहायचं आहे, आणि त्यातली एक गोष्ट अशी आहे की जी तुम्हाला माहीत होती, मला माहीत होती, आणि तुम्ही गेल्यावर एकट्या मला माहीत उरली.

गेल्या वर्षी नाताळच्या सुटीत मी कागदांचा गठ्ठा घेऊन पहिल्यांदा तुमच्याकडे आलो होतो. साहेबांनी आम्हाला सांगितलं होतं की आपापल्या मुलखातलं तण गोळा करा, कागदात दाबून सुकवा, देशी नाव लिहा आणि त्याचं कूळ कोणतं ते पुस्तकात पाहून ठरवा. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील शास्त्री, कारकून, वकील. तण कुठं मिळतं हे त्यांना विचारावं लागलं. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मीच पहिला, आणि कॉलेजात माझ्याजवळ त्यांच्यापेक्षा जास्त असं काहीतरी निघालं ते त्याच दिवशी. अमरावतीला राजापेठेकडची आमची वाडी बाबांनी कापसाच्या गंज्या लावायला देऊन टाकली होती, तिथं तणसुद्धा उरलं नव्हतं. म्हणून मी ताईकडे आलो. रेल्वे आली आहे तिथवर रेल्वेनं, आणि पुढं कापूस उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीनं. तो गाडीवान सगळ्या वाटेनं सांगत होता की अमेरिकेत भाऊबंदकी लागली आहे, त्यानं इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आहे, आणि ती मिटू नये म्हणून त्यानं देवाला नवस केला आहे.

तुम्ही ओट्यावर बसला होता.

"हे का होय गा?"

"पाला सुकवतो, भाऊजी. कागदात दाबून."

"मंग पावसाळ्यात खाता का?"

"नाई. पाहतो."

"पाहता." तुम्ही आत तोंड करून ताईला हाक मारली. "ऐकलं का व? तुह्या बापानं पोट्टा मुंबईले धाडला, अन् थो तिथं वाळला पाला पाहून राहिला."

मला राग आला होता, पण दुसऱ्या दिवशी उठून पाहतो तर ओट्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेरा-चौदा झाडं ठेवलेली. एकाचंही मूळ तुटलेलं नव्हतं. साहेब आम्हाला मुळासकट झाड काढायला शिकवतात. त्यांना जमत नाही इतकं स्वच्छ ते तुम्ही काढलं होतं.

त्यात चाकवत होता. चाकवताचं पान मी तोवर हजार वेळा खाल्लं असेल, पण पाहिलं नव्हतं. पानावर जे पांढरं पीठ असतं ते मी तुम्हाला भिंगातून दाखवलं. ते पीठ नव्हे, पाण्याचे बारीक थेंब भरलेले फुगे असतात, दवासारखे. तुम्ही भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग मी फूल दाखवलं. हिरवं, मोहरीहून लहान, पाकळी नाहीच. पाकळ्यांच्या जागी पाच हिरवी दलं, आत पाच केसर. खाली एक काळं चकचकीत बी, मसुरासारखं दोन्हीकडून फुगीर. तुम्ही म्हणालात, "इतकी वर्सं विकतो, पन याले फूल येते हे मले मालूम नव्हतं. बी येते हे मालूम होतं. बी आलं म्हंजे फूल आलंच असन, पन ध्यानातच नाई आलं." हे तुम्ही इतक्या सरळपणानं बोललात की भिंग हातात असल्याची मला लाज वाटली.

या कुळाला पुस्तकात हंसाच्या पायावरून नाव आहे, पान तसं दिसतं म्हणून. ते सांगितल्यावर तुम्ही खूप हसलात. "हंस पायला का कोनी? बदकाचा पाय म्हन." पालकही याच कुळातला, असं मी म्हटल्यावर मात्र हसला नाहीत. म्हणालात, "बराबर हाय. दोनी शिजल्या का पानी एकसारखंच सोडते." मी ते वहीत लिहून घेतलं. अजून आहे.

भांडण लागलं ते फडक्यातल्या दुसऱ्या झाडावरून.

ते चाकवतासारखंच होतं, पण जमिनीला चिकटून वाढलेलं. फांद्या चारी बाजूंना पसरलेल्या, फक्त शेंडे थोडे वर उचललेले. तुम्ही त्याला भुईचाकवत म्हणालात. मी फूल उघडलं. पाच दलं, पाच केसर, तेच काळं बी. पान जरा अरुंद, खालून जास्त पांढरं. मी पुस्तक उघडून दाखवलं की ही वनस्पती जमिनीप्रमाणे रूप पालटते, खतावर उंच होते आणि उजाड जागी खुजी राहते. म्हणजे हे वेगळं झाड नाहीच. हा आपलाच चाकवत, गुरांच्या पायाखाली राहून खुजा झालेला.

"नाई," तुम्ही म्हणालात.

"पुस्तकात—"

"पुस्तकवाला आला होता का इकडं? हे झाड खाऱ्या भुईचं हाय. पान जिभेवर ठेव."

मी ठेवलं. खारट होतं. मी म्हणालो, जमीन खारी म्हणून पान खारं, त्यानं जात बदलत नाही. तुम्ही डोकं खाजवलंत. मग माझा कागद उचललात. त्यावर मी दोन्ही झाडं शेजारी शेजारी दाबून चिकटवली होती. खरंच, दोन्ही सारखीच दिसत होती.

"तू दोनीले लोळवलं, मंग सारखीच दिसन ना. कागदात दाबलं का उभं कोन अन् आडवं कोन, कसं समजन? मानसाले दाबलं तरी असंच होईन."

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. तुमचं वाक्य आठवतं.

तुमच्यासाठी हा वाद नुसत्या नावाचा नव्हता, हे मला समजायला हवं होतं. तुम्ही पाणाड्या. जमिनीखालचं पाणी सांगणारे. लोक काठी फिरवतात, नारळ आडवा धरतात. तुम्ही तण पाहत फिरायचात. आपला हा पूर्णाकाठचा पट्टा सगळा खारा, वर काळीभोर माती आणि खाली तोंडात धरवणार नाही असं पाणी. अख्ख्या गावाला एक गोडी विहीर, तीही तुमच्या वडिलांनी दाखवलेली. अशा गावात कुठल्या तणाखाली कसलं पाणी हे कळणं म्हणजे काय, ते मला कॉलेजात कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही एकदा सांगितलंही होतं, भुईचाकवताखालची माती ओली झाली की साबणासारखी सुटते, भिंत धरत नाही. मी ऐकलं. वहीत लिहिलं नाही. ते मला वनस्पतिशास्त्र वाटलं नाही.

पैज लागली ती अकोल्याच्या वाटेवर. आपण भाजीची गाडी घेऊन बाजाराला निघालो होतो आणि मोर्णेच्या उतारावर कापसाच्या गाड्यांमागं अडकलो होतो. पुढं गाड्याच गाड्या, मोजायचं मनातही येऊ नये इतक्या. कापूस बोंडाबोंडानं उडून नदीवर पडत होता. एका गाडीवानाला तुम्ही म्हणालात, "सरक ना गा, आमचा पाला सुकून राहिला." तो म्हणाला, "पाला कोन खाते आता? कापूस खा." सगळे हसले. तुम्हीही हसलात. आणि तिथंच, वेळ जाईना म्हणून, आपण ठरवलं. दोन्हींचं बी धरायचं, गोड्या मातीत दोन वाफे करायचे, सारखं खत, सारखं पाणी. भुईचाकवत उभा राहिला तर मी खरा. लोळला तर तुम्ही. मी हरलो तर जुन्या शहरातल्या बाजारात दिवसभर पाटीमागं बसून ओरडून भाजी विकायची. तुम्ही हरलात तर माझ्या कागदावर झाडाचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं. तुम्हाला अक्षर येत नव्हतं.

"शिकवा लागन तुले मले," तुम्ही म्हणालात.

"शिकवीन."

"मंग हरलो तरी चालन."

या भाऊबिजेला मी आलो तेव्हा तुम्ही वाफे तयार ठेवले होते. बी आपण दोघांनी टाकलं. कडेला खूण म्हणून तुम्ही एका वाफ्याला पांढरा दगड लावलात, एकाला काळा.

आणि मग विहिरीचं निघालं.

कापसाच्या गाड्यांचा तळ गावाबाहेर पडू लागल्यापासून गोडी विहीर दुपारपर्यंत आटत होती. बायका दोन दोन कोस जात होत्या. ताईही जात होती. पाटलांनी नवी विहीर खणायची ठरवली, पण जागा कुठं द्यायची? इंचभर रानही कुणी कपाशीच्या पराटीतून सोडायला तयार नव्हतं. तळाजवळच्या एका कोपऱ्यात तेवढा कापूस नव्हता, कारण तिथं तो लागतच नव्हता. पाटील, तुम्ही, तुमचा धाकटा भाऊ किसना, मी आणि आठ-दहा माणसं तिथं गेलो. तुम्ही चपला काढून थोडं फिरलात आणि म्हणालात, "इथं नको, पाटील. तण बरं नाई."

पाटलांचं तोंड पडलं. ते माझ्याकडे वळले. "तू तर झाडायचंच शिकून राहिला ना? कोनतं तण हे?"

मी खाली वाकलो. गेल्या वर्षाच्या वाळक्या काटक्या आणि त्यातून फुटलेली नवी पालवी. सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. अशी माणसं माझ्याकडे पूर्वी कधी पाहत नव्हती. मी म्हणालो, "चाकवत आहे. खुजा झालेला. चाकवत चांगल्या जमिनीत येतो."

भाऊजी, मी तेव्हा तुमच्याकडे पाहिलं होतं. तुम्ही नाही म्हणाल असं मला वाटलं होतं. पैज चालू होती, वाफ्यात नुकते कोंब आले होते, काहीच ठरलं नव्हतं. मला फक्त वाद पुढं न्यायचा होता. पण पाटील खूश झाले आणि तुम्ही माझ्याकडे पाहून थोडं हसलात. "साळेबुवा मुंबईहून शिकून आले," मेव्हण्याला चिडवायच्या सुरात म्हणालात, "आपन का बोलाव." आणि किसनाच्या हातातला नारळ घेऊन तुम्हीच फोडलात.

नारळ पाणाड्यानं फोडला की जागा पाणाड्याची, आधी तो काय म्हणाला ते कुणी धरत नाही. गावात असंच मानतात. मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो.

घरी येताना मी कारण विचारलं, कावून फोडला? तुम्ही म्हणालात, "चार लोकायत तुले खोटं पाडलं असतं, तर तू उद्या तोंड उघडलं नसतं. खनू दे. वल लागली का समजन. खारं निघालं तर बुजवू, दुसरीकडं खनू. मानूस शिकला पाहिजे." मी तुमचे आभारही मानले नाहीत, आणि तुम्ही घाई केलीत असंही म्हणालो नाही. दोन्ही म्हणायचं होतं.

त्या दिवसाबद्दल मी फार लिहू शकत नाही. विहिरीच्या तळाला पाणी पाझरलं अशी हाक आली. पहिली ओंजळ पाणाड्यानं चाखायची, म्हणून तुम्ही उतरलात. मी काठावर पालथा पडून खाली पाहत होतो. बाकीचे मागं उभे होते. तुम्ही वाकून ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि थुंकून टाकली. मग मान वर केली. मला शोधलंत. तुमच्या तोंडावर राग नव्हता, मला चिडवताना असायचं तसंच हसू होतं. "साळेबुवा," इतकं म्हणालात. पुढचं कोसळणाऱ्या मातीनं ऐकू दिलं नाही.

ते हसू फक्त मी पाहिलं. तुम्ही थुंकलात तेही फक्त मी.

त्यानंतर माझी भीती सुरू झाली. ती दुःखाच्या आड इतकी चांगली लपली की लोक मला धीर देत राहिले. दहाव्याला पाटील म्हणाले, महादू कधी चुकला नाही, त्यानं दाखवलेल्या जागी गोडं पाणी असणारच, दोन हात राहिलं असेल. किसना म्हणाला, "दादाचं काम अर्धं ठेवाचं नाई. मीच उतरतो." सगळ्यांनी माना हलवल्या. ताईनंसुद्धा. मी तिथंच बसलो होतो.  मी मनात म्हणायचो, आज नको, ताईचं रडू ओसरू दे. दुसऱ्या दिवशी म्हणायचो, तेरावा होऊ दे. कॉलेज उघडून गेलं, मी मुंबईला निघालो नाही. लोकांना वाटलं बहिणीसाठी थांबला. किसनानं विहिरीत उतरायला नवा जाड नाडा आणला आणि अंगणात ताणून पाहिला. त्या नाड्याचा आवाज झाला की मी उठून कुडाआड जायचो. विहिरीच्या काठावर उपसलेल्या मातीचा ढीग होता, त्यावर वाळल्यावर पांढरी बुरशी आल्यासारखा खार फुटला होता. येताजाता मला तो दिसायचा. कुणालाही दिसला असता. पण तुमच्या नारळावर सगळ्यांचा इतका विश्वास होता की मातीकडे कुणी पाहतच नव्हतं.

किसना सोमवारी उतरणार होता. रविवारी सकाळी ताई वाफ्यापाशी कळशी घेऊन उभी होती. मी कुडाआड होतो, हे तिला ठाऊक असावं.

"नारायना, इकडं ये बरं."

मी गेलो.

"हे पाह्य. या वाफ्यातली उभी हायेत. या वाफ्यातली सारी बसली. मी यायले दुप्पट पानी घालून राहिली आठ दिवसापासून, तरी उठत नाईत. का रोग हाय?"

पांढऱ्या दगडाच्या वाफ्यात चाकवत सरळ उभा होता, माझ्या वितीएवढा. काळ्या दगडाच्या वाफ्यात, त्याच मातीत, त्याच खतात, भुईचाकवत चारी बाजूंना पसरून जमिनीवर पडला होता. शेंडे तेवढे वर. हिरवागार. त्याला काही झालेलं नव्हतं.

"रोग नाई ताई," मी म्हणालो. "थे तसंच असते."

एवढं बोलल्यावर मला थांबता आलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. पैज, कागद, पाटलांचा प्रश्न, माझं उत्तर, नारळ तुम्ही का फोडलात ते, ओंजळ, थुंकणं. 

"म्हंजे जागा त्याहिनं नाई दाखवली."

"नाई. म्या दाखवली."

तिनं कळशीतलं उरलेलं पाणी काळ्या दगडाच्या वाफ्यावर ओतलं, सगळं. रोपांवरून लोट गेला. मग म्हणाली, "किसनाले सांगतलं?"

"नाई."

"मंग मले कावून सांगून राहिला? मी उतरून राहिली का विहिरीत?"

ती पुढं निघाली. मी मागं चाललो. दारात तिनं थांबून मला पुढं केलं. "तू हो पुढं."

किसना नाड्याला गाठ मारत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्यानं मला दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "दादा कधी चुकला नाई."

"नाई चुकला. म्या चुकलो."

तो उठला आणि नाडा घेऊनच सरळ विहिरीकडे गेला. ढिगातलं एक ढेकूळ फोडून त्यानं जिभेवर ठेवलं. किती वेळ ठेवलं ते मला सांगवत नाही. मग थुंकला. अगदी तुमच्यासारखा थुंकला, भाऊजी, मान एका बाजूला करून. नाडा गुंडाळून त्यानं खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे न पाहता घरी गेला. तो माझ्याशी अजून बोललेला नाही. बोलेल असंही मला वाटत नाही. पण तो उतरला नाही.

पाटील बोलले. "हेच शिकवते का गा तुमच्या कालेजात?" मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं. दोन दिवसांनी विहीर बुजवली. आता गोडं पाणी कुठं आहे, असं पाटलांनी ताईला विचारलं, तुम्ही कधी काही बोलला असाल म्हणून. ताई म्हणाली, "थे त्याहिच्या पायायले मालूम होतं. मले का सांगन?"  तेव्हा मला जी भीती वाटली ती आधीच्या भीतीहून वेगळी होती. माझ्या वहीत तुमची सतरा तणं आहेत. कोणत्या तणाखाली काय, हे फक्त पाचांचं लिहिलेलं आहे. बाकी बारांची मी दलं आणि केसर मोजले.

काल बाजार होता. मी ताईबरोबर अकोल्याला गेलो. तिनं जायचं का विचारलं नाही, मी गाडीत बसल्यावर पाटी माझ्याकडे सरकवली एवढंच. जुन्या शहरात तुमची जागा रिकामी ठेवली होती, दोन्ही बाजूंच्या माळणींनी पोत्याचं टोकसुद्धा सरकवलं नव्हतं. मी पाटीमागं बसलो. ओरडायचं सोडून जुड्या पुन्हा पुन्हा रचत राहिलो. पलीकडची म्हातारी म्हणाली, "बाजारात बसला का मयताले?" मग मी ओरडलो. चाकवत घ्या, चाकवत. माझा आवाज मला अनोळखी वाटला. लोक वळून पाहत होते. अंगात कॉलेजचा कोट होता, दुसरा अंगरखा ताईनं धुवायला टाकला होता. लाज वाटेल असं मला वाटलं होतं. लाज वाटायला सवड मिळाली नाही.

कारण लवकरच एक बाई आली, डोक्यावर पदर, काखेत मूल. तुमची नेहमीची असावी, कारण तिनं आधी इकडंतिकडं पाहिलं.

"कुठं गेले थे?"

"वारले," मी म्हणालो.

तिनं काखेतलं मूल सावरलं. मग खाली बसली आणि एक जुडी उचलली. "हे चाकवतच होय ना? पोराले देनं हाय. त्याहिले इचाराचं कामच नव्हतं पडत."

पाटीतली जुडी न् जुडी ताईनं पहाटे पांढऱ्या दगडाच्या बाजूनं खुडली होती. मी स्वतः दिवा धरला होता. तरी मी तिच्या हातातून जुडी परत घेतली, सोडली, एक पान उलटं केलं आणि पाहिलं. मग एक पान जिभेवर ठेवलं. खारट नव्हतं.

"चाकवतच आहे," मी म्हणालो.

ती जुडी घेऊन निघाली. मी पुढची जुडी उचलली आणि गिऱ्हाईक यायच्या आधीच सोडून पाहू लागलो.